'ठावक नाय' म्हणणारं पान

कातळबंदरच्या बाबल तांडेलानं चाळीस वर्षांत एकदाही 'माका ठावक नाय' असं म्हटलं नव्हतं. वारा कधी फिरेल, तारली मासळी कुठल्या पाण्यात आहे, ढग बरसेल की नुसताच गुरगुरेल, कोणी काहीही विचारावं. बाबल डोळे बारीक करून समुद्राकडे बघायचा आणि उत्तर द्यायचा. दहातली आठ उत्तरं बरोबर निघायची. उरलेल्या दोन वेळी तो म्हणायचा, दर्यानं ऐनवेळी मत बदललं. बापानं पहिल्यांदा सुकाणू हातात दिलं तेव्हा एवढंच शिकवलं होतं: तांडेलान ठावक नाय म्हणूचा नसता. बोट चालवणाराच डळमळला, की खलाशांचे हात थरथरतात.

अशा माणसाची सुरंगी ही एकुलती एक मुलगी. पुण्यात अकरा वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करून ती २०४० साली गावी परतली, घराच्या पडवीत टेबल टाकलं आणि वर्षभरात बंदरासाठी एक पान तयार केलं. वेबपान. समुद्रात किनाऱ्यापासून बारा मैलांवर तरंगणारा एक बोया आहे. लाटेची उंची, दोन लाटांमधलं सेकंदांतलं अंतर, वारा, पाण्याचं तापमान अशी मोजमापं तो दर दहा मिनिटांनी पाठवतो. सुरंगीचं पान ती मोजमापं घ्यायचं आणि कोळ्या-गाबतांना मालवणीत बोलून दाखवायचं. आवाज तिनं आपल्या आईचा, शेवंतीचा घेतला होता. त्यामुळे बाबलच्या 'सातेरी' बोटीवर पहाटे चार वाजता शेवंती बोलू लागली, की खलाशी गालातल्या गालात हसायचे आणि बाबल समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा.

हसण्याचं कारण आवाज नव्हता. कारण असं होतं, की आठवड्यातून दोनचार वेळा ते पान म्हणायचं, "लाट ठावक नाय." कधी म्हणायचं, "वारो ठावक नाय." आणि गप्प बसायचं.

"बायलेन नाय तर चेडवान, कोणी तरी घरात ठावक नाय म्हणूकच होया," असं मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दाजी केळुसकर एकदा लिलावाच्या शेडमध्ये म्हणाले. बाबलच्या घरात ते बोलायला बायको नाही तर मुलगी लागते, या टोमण्यावर सगळे हसले. बाबलही हसला, पण त्या दिवशी घरी जेवला नाही.

तसा तो मुलीवर चिडून नव्हता. त्याला कळत नव्हतं. मोठ्या कंपन्यांची पानं होती, 'निळाई' नावाचं एक तर गोव्यापासून डहाणूपर्यंत चालत होतं. ते प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं. मग आपल्या शिकल्यासवरल्या मुलीचं पानच असं अडखळतं का? एका दुपारी जाळं विणता विणता त्यानं ते विचारलं.

सुरंगीनं त्याला जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. वेबची भाषा पन्नास वर्षं जुनी आहे आणि स्वभावानं अतिशय भिडस्त आहे. तिला कोणाला 'नाही' म्हणता येत नाही. तिच्यासाठी २ हा आकडा निराळा आणि २ असं लिहिलेलं अक्षर निराळं. पण दोन्ही एकत्र आले तर ती भांडत नाही, सांभाळून घेते. दोन मीटरची भरती आणि एक मीटरची लाट यांची बेरीज तीन. पण त्यातलं एक जरी आकडा म्हणून न येता अक्षर म्हणून आलं, तर ही भाषा बेरीज करायचं सोडून दोघांना शेजारी शेजारी चिकटवते आणि बिनदिक्कत सांगते, एकवीस. मागच्या शिमग्यात 'निळाई'वर एकवीस मीटरची लाट दिसली होती ती अशीच. तेव्हा सगळं बंदर हसलं होतं, कारण एकवीस मीटर ही चूक आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

वाईट चूक ती, जी चुकीसारखी दिसत नाही. बोयावर कालवं चढतात, एखादं यंत्र बंद पडतं. मग त्या मोजमापाच्या जागी बोया काहीच पाठवत नाही, रिकामी जागा पाठवतो. आणि रिकाम्या जागेचा आकडा करून मागितला, तर ही भिडस्त भाषा काय देते? शून्य.

"बाबा," सुरंगी म्हणाली, "दाजींच्या घराकडसून रिकामी टोपली इली, म्हणजे त्यांका मासे गावले नाय. टोपलीच इली नाय, म्हणजे काय?"

"म्हणजे काय ता समाजना नाय," बाबल म्हणाला.

"माझा पान तेवढाच सांगता."

पूर्वी यावर इलाज होता. संगणकाचा प्रोग्राम आधी लिहायचा, वापरात आणण्याआधी दुसरा प्रोग्राम तो ओळ न् ओळ तपासायचा, आकड्याच्या जागी आकडाच येणार ना, हे बघायचा. नवं घर राहायला देण्याआधी तपासून घ्यावं तसं. पण २०४३ साली पानं आधी लिहिली जातच नव्हती. माणसानं प्रश्न विचारला, की अर्ध्या सेकंदात यंत्र त्याच्यापुरतं पान रचायचं, दाखवायचं आणि मोडून टाकायचं. पाऊल टाकताना पायरी बांधावी, पाऊल उचललं की पायरी नाहीशी व्हावी. असल्या जिन्याची आधी तपासणी कोण करणार, कधी करणार? म्हणून सुरंगीनं तपासणी चालत्या वेळेवर आणली होती. पानाच्या दाराशी तिनं एक नाका बसवला. आत येणाऱ्या प्रत्येक मूल्याला नाका थांबवायचा आणि विचारायचा: तू आकडा आहेस की आकड्याचं सोंग घेतलेलं अक्षर? शून्य आहेस की रिकामा? पटलं तर आत सोडायचा. नाही पटलं तर स्वतःच्या मनानं काही भरायचा नाही. म्हणायचा, ठावक नाय.

बाबलला हे तिथल्या तिथे पटलं. पण पटलं असं त्यानं सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, की तुझा नाका खरा असेल, पण नाक्यावर थांबणाऱ्यांचा दिवस फुकट जातो.

आणि ते खोटं नव्हतं. बंदरातला फलक आणि वायरलेसवरची सूचना सुरंगीच्या पानावर चालायची. पानानं 'ठावक नाय' म्हटलं, की विम्याच्या अटीनुसार बोटींना थांबावं लागायचं. शेजारच्या बंदरांतल्या बोटी 'निळाई' बघून निघायच्या, सुखरूप परतायच्या, आणि कातळबंदरचे गडी जेटीवर पत्ते कुटत बसायचे. एप्रिलमध्ये असे नऊ दिवस गेले. सोसायटीची सभा बोलावली गेली.

सभा लिलावाच्या शेडमध्ये भरली. दाजींनी सुरंगीबद्दल चांगलंच बोलून सुरुवात केली. पोर हुशार आहे, गावासाठी परत आली, एक पैसा घेत नाही. पण हंगामाचा शेवटचा महिना आहे आणि आपल्याला उत्तर देणारं पान हवं. मग त्यांनी हात वर करायला सांगितलं. फलकावर 'निळाई' लावण्याच्या बाजूनं हात वर होऊ लागले. लोक बाबलकडे बघत होते. त्याच्या बोटीवर पाच खलाशी होते, पाच घरं होती. शिवाय एवढ्या वर्षांचा अभिमान होता, तो गेली दोन वर्षं रोज थोडा थोडा झिजत होता. बाबलनं हात वर केला.

सुरंगी खांबाजवळ उभी होती. उठलेले हात तिनं मोजले, दाजींनी सांगितलेली संख्या बरोबर आहे म्हणाली आणि घरी गेली.

त्यानंतर तीन आठवडे त्या घरात शेवंतीला दोघांचं काम करावं लागलं. बाबल सांगायचा, तिला म्हणावं भात निवतोय. सुरंगी सांगायची, त्यांना म्हणावं हातातलं संपवून येते. दोघं एकाच पडवीत, चार हातांवर बसलेली असायची. पान तिनं बंद केलं नव्हतं. ते कोणी ऐकत नसतानाही दर दहा मिनिटांनी मोजमापं घेत होतं, नाक्यावर थांबवत होतं, खरं तेवढं आत सोडत होतं. बाबलला टेबलावरचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा. एकदा सुरंगी पाणी आणायला आत गेली असताना तो दिव्याजवळ जाऊन उभाही राहिला. काय वाचायचं ते त्याला कळलं नाही. पण काहीही झालं तरी आपलं काम न सोडणाऱ्या माणसाबद्दल त्याच्या मनात नेहमी एक आदर असायचा, आणि हे काम करणारी आपलीच होती, या विचारानं त्याची छाती जरा भरून आली. लगेच त्याला आपला वर गेलेला हात आठवला आणि तो जाळ्याकडे वळला.

चोवीस मेला दुपारी बांगड्याची बातमी आली. सहा मैलांवर मोठा थवा होता. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागायला आठवडा उरला होता. आभाळ निरभ्र, वाऱ्याचा पत्ता नाही, खाडीतलं पाणी तेलासारखं. कातळबंदर खाडीच्या आत वसलेलं आहे, मध्ये कातळाचं मोठं नाक आडवं येतं, त्यामुळे जेटीवरून खाडीचं मुख दिसत नाही. फलकावर 'निळाई'नं ठळक अक्षरांत दाखवलं होतं: लाट शून्य. समुद्र शांत. जाण्यास योग्य.

चौदा बोटींची तयारी सुरू झाली. 'सातेरी'वर जाळी चढली. बाबल फलकाकडे बघत राहिला होता. त्याला ते शून्य खटकलं होतं. चाळीस वर्षांत त्यानं समुद्र झोपलेला पाहिला होता, पण निजलेल्या माणसाचीही छाती वरखाली होते. पाव मीटर म्हणा, दोन बोटं म्हणा, पण शून्य? त्याच्या मनात हे आलं, आणि मनातच राहिलं. या फलकासाठी त्यानं स्वतः हात वर केला होता.

तेवढ्यात सुरंगी जेटीवर आली. सभेनंतर ती तिथे पहिल्यांदाच येत होती. लोकांच्या नजरा चुकवत नव्हती आणि शोधतही नव्हती. सरळ 'सातेरी'जवळ आली आणि तीन आठवड्यांनी बापाशी थेट बोलली.

"बाबा, सकाळपासून उंचीचा आकडो येणा नाय. जागा रिकामी येता. लाट किती ता ठावक नाय."

बाबल दोर गुंडाळत राहिला. खलाशी एकमेकांकडे बघत होते.

"पण दुसरा यंत्र चालू आसा," ती म्हणाली. "दोन लाटांमधला अंतर येता. अठरा सेकंद."

बाबलच्या हातातला दोर तिथेच थांबला.

"अठरा? बरोबर बघलंस?"

"नाक्यातसून गेलेलो आकडो आसा. आकडोच आसा, अठराच आसा."

इथल्या समुद्राच्या लाटा पाच-सहा सेकंदांच्या असतात, पावसाळ्यात आठ-नऊच्या. अठरा सेकंदांचा श्वास या समुद्राचा नव्हे. तो हजारो मैल खालून, दक्षिणेच्या महासागरातल्या एखाद्या वादळातून निघालेला असतो. वाटेत वारा नसतो, ढग नसतो. खोल पाण्यात बोटीला तो कळतही नाही; नुसती हलकेच वर उचलली जाते, खाली ठेवली जाते. पण खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे, तिथे पाणी उथळ होतं आणि तो लांब श्वास एकदम उभा राहतो. त्यातून ओहोटी असेल, खाडीचं पाणी बाहेर धावत असेल, तर विचारायलाच नको. बाबलनं हे आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा आभाळ असंच निरभ्र होतं. आणि आता ओहोटी लागून तास झाला होता.

त्यानं वायरलेस उचलला. पण लाट किती आहे हे त्याला सांगता येत नव्हतं. एक मीटर असेल तर चौदा बोटी बिनघोर जाऊ शकतील, आणि त्याच्या शब्दावर थांबलेल्यांच्या हातून बांगड्याचा थवा उगाच निघून जाईल. तीन मीटर असेल तर... जेटीवरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि मुलगीही.

"कोण भायर जाव नकात," बाबल वायरलेसवर म्हणाला. "खाडयेच्या मुखार काय आसा, ता माका ठावक नाय. बघून सांगतंय."

जेटीवर कोणी हसलं नाही. बाबल तांडेलाच्या तोंडून ते शब्द ऐकून दाजी केळुसकर हातातली विडी पेटवायचे थांबले. मग म्हणाले, "चाळीस वर्सांत तू असा कधी बोललंस नाय." बाबल म्हणाला, "मगे आयक आता." आणि त्यानं भराभर सांगितलं: चार बोटी मुखाच्या अलीकडे, शांत पाण्यात उभ्या राहू देत, दोर आणि हवेच्या ट्यूब काढून ठेवा, बांधाच्या जवळ कोणी जायचं नाही. त्यानं सुरंगीला हाक मारली आणि दोघं कातळाच्या नाकावर चढू लागली.

दोन बोटी मात्र आधीच निघाल्या होत्या. एक वायरलेस ऐकून वळली. दुसरी, 'जलपरी', दाजींच्या मुलाची, सत्यवानची. त्याचा वायरलेस बंद होता की त्यानं ऐकून सोडून दिलं, यावर गावात नंतर पुष्कळ चर्चा झाली. खुद्द सत्यवान म्हणतो की ऐकलं होतं, पण फलकावर शून्य होतं.

कातळावरून समुद्र दिसला. पाणी आरशासारखं होतं. बांधावर पांढरी रेघसुद्धा नव्हती. 'जलपरी' खुशाल मुखाकडे चालली होती. आपण सगळ्या बंदरासमोर हसं करून घेतलं, आणि मुलीचंही, असं त्याला वाटलं. सुरंगी शेजारी उभी राहून घड्याळाकडे बघत होती. ती म्हणाली, की कातळाच्या पायथ्याचं शेवाळ बघा. पाणी शेवाळावरून खाली उतरत होतं, थांबत होतं, सावकाश वर येत होतं. ती हळू आवाजात मोजत होती. सोळा, सतरा, अठरा. पुन्हा अठरा. मग बाबलला दिसलं, की प्रत्येक खेपेला शेवाळाची आणखी एक पट्टी उघडी पडते आहे, म्हणजे लाट वाढते आहे.

त्यानं अंगातला सदरा काढला आणि डोक्यावर गरागरा फिरवला. 'जलपरी'वरच्या कोणीतरी हात हलवून उत्तर दिलं, राम राम करावा तसं.

मग बांधावरचं पाणी आत ओढलं गेलं. वाळूचा पिवळा रंग वर आला. आणि त्याच्यामागून, कसलाही आवाज न करता, समुद्राचा एक अख्खा तुकडा उभा राहिला. 'जलपरी'चं नाक वर गेलं, सरळ आभाळाकडे झालं, आणि बोट पाठीवर पडली. दुसरी लाट अठरा सेकंदांनी आली. तिनं बोटीचे दोन भाग केले.

पण लाटांनी माणसांना आतल्या बाजूला लोटलं, आणि आत चार बोटी दोर घेऊन उभ्या होत्या. 'जलपरी'वरचे चौघेही सापडले. सत्यवानचा हात दोन ठिकाणी मोडला होता. दाजींनी त्याला जेटीवर ओढून घेतलं आणि ओल्या अंगानं तसेच बसून राहिले. बाबल कातळावरून खाली आला तेव्हा ते उठले आणि बाबलला नव्हे, त्याच्यामागून येणाऱ्या सुरंगीला त्यांनी हात जोडले. ती संकोचून बाजूला झाली. बाबलनं मात्र ते पाहिलं, नीट पाहिलं. पुढे आयुष्यभर लागेल इतकं पाहून घेतलं.

त्या दुपारी किनाऱ्यावरच्या आणखी दोन बंदरांत बोटी फुटल्या. तीन माणसं गेली. तिथेही फलकावर शून्यच होतं.

रात्रीचं जेवण त्या दिवशी लवकर, उजेडातच झालं. बाबलनं शेवंतीमार्फत निरोप न देता स्वतःच बोलायला सुरुवात केली.

"मी हात वर केलंय," तो म्हणाला. "चुकलंय."

सुरंगी ताटातला भात कालवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, लाट मोठी आसा, ता माझ्या पानान सांगूक नाय. पानाक ठावकच नव्हता. ता तुमी सांगितल्यात."

जेवण झाल्यावर बाबल अंगणात जाऊन उभा राहिला. 'निळाई'नं शून्य सांगितलं होतं, आणि शून्यापुढे तांडेलाला बोलायला जागाच ठेवली नव्हती. मुलीच्या पानानं जागा मोकळी सोडली होती, म्हणून त्याची चाळीस वर्षं तिथे येऊन बसू शकली. दोन वर्षं ज्या शब्दांची त्याला लाज वाटत होती, ते शब्द म्हणजे त्याच्यासाठी ओढलेली खुर्ची होती. हे त्यानं कोणाला बोलून दाखवलं नाही, शेवंतीलाही नाही.

जूनमध्ये 'निळाई'चा मुख्य अभियंता स्वतः आला. अद्वैत पुरंदरे नाव, चाळिशीचा, डोळे जागरणानं सुजलेले. त्यानं सबबी सांगितल्या नाहीत. काय घडलं ते त्यानं शोधून काढलं होतं. रिकामी जागा वाटेत शून्य झाली. पान रचणाऱ्या यंत्रानं अंतराचा अठरा हा आकडाही पाहिला होता, पण ज्या लाटेला उंचीच नाही तिला अंतर कुठून असणार, असा विचार करून तो खोटा ठरवला आणि गाळून टाकला. प्रत्येक पायरी तर्काला धरून होती. पहिली तेवढी पोकळ होती. त्याला सुरंगीचा नाका हवा होता, सगळ्या किनाऱ्यासाठी. ती म्हणाली, घेऊन जा. मोल काही नाही. अट एकच, 'ठावक नाय' हे दोन शब्द बदलायचे नाहीत. ज्या गावात जसे बोलतात तसे, पण तेच.

पुरंदरेनं चाचरत सांगितलं, की वरच्या लोकांना ते शब्द कमीपणाचे वाटतात. त्याऐवजी 'माहिती अद्ययावत होत आहे' असं लिहिलं तर?

बाबल पडवीच्या टोकाला जाळं दुरुस्त करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तीन माणसा गेली," तो म्हणाला. "ती काय आता अद्ययावत होतली?"

शब्द तसेच राहिले.

पण सुरंगीचं समाधान झालं नव्हतं. आलेलं मूल्य आकडा आहे की नाही, एवढं नाका ओळखत होता. आकडा खराखुरा असून अशक्य असला तर? उद्या बोयानं रिकामी जागा न पाठवता आपणच शून्य पाठवलं तर? समुद्रात काय होऊ शकतं आणि काय होऊ शकत नाही, हे नाक्याला शिकवायला हवं होतं, आणि ते कुठल्या पुस्तकात एकत्र लिहिलेलं नव्हतं. ते म्हाताऱ्या तांडेलांच्या डोक्यात होतं. तिनं बापाला विचारलं, माझ्याबरोबर याल का?

पावसाळ्याचे चार महिने, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, बाप-लेक बंदर न् बंदर फिरली. वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत. सुरंगीला जी माणसं दोन वाक्यांवर बोलली नसती, ती बाबल समोर बसला की तासन् तास बोलायची. तो आधीच सांगायचा, की मला तुमच्या पाण्यातलं काही ठावक नाही, तुम्ही सांगा. हे ऐकलं, की समोरचा तांडेल खुलायचा. बाबल बोलायचा, बोलायला लावायचा, वाद घालायचा. सुरंगी लिहून घ्यायची. मुरूडच्या बाजूला शिंपल्या वेचणाऱ्या हिराबाईंनी भरती-ओहोटीच्या मधल्या वेळाबद्दल जे सांगितलं, ते ऐकून तर बाबलनं कान पकडले. ऑक्टोबरपर्यंत दोनशे अकरा नियम झाले. प्रत्येक नियम चालत्या वेळी, पानाच्या दाराशी, प्रत्येक मूल्याला विचारला जाणार होता. आणि प्रत्येक नियमाखाली सुरंगीनं तो सांगणाऱ्याचं नाव लिहिलं होतं, म्हणजे नाक्यानं एखादं मूल्य अडवलं, तर कोणाच्या शब्दावर अडवलं ते कळावं.

काम पुरं झालं त्या दिवशी तिनं पहिला नियम बापाला वाचून दाखवला. 'मे महिन्यातही लाट शून्य असू शकत नाही. उघडा समुद्र कधीच पूर्ण थांबत नाही. सांगणारा: बाबल गिरकर, कातळबंदर.'

बाबलनं तो तिच्याकडून पुन्हा वाचून घेतला. मग विचारलं, की हे डहाणूलाही दिसेल? दिसेल, ती म्हणाली. गुजरातेतही दिसेल, पुढल्या वर्षी केरळातही.

"एक बदल कर," तो म्हणाला. "माझ्या नावाच्या आदी लिव. सुरंगीचो बापूस."

नियमाच्या चौकटीत असलं काही बसत नाही, असं ती म्हणणार होती. पण चौकट तिनंच बनवली होती. तिनं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबल कामाशिवाय मालवणच्या बसमध्ये बसला. बाजारात बांगडा घेऊन बसलेल्या बायकांना त्यानं सगळी हकीकत सांगितली, रिकाम्या टोपलीसकट. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं तिकिटाचं विचारलं, तर त्यालाही सांगू लागला. कंडक्टर सांगलीकडचा होता, त्यानं समुद्र नोकरी लागल्यावरच पाहिला होता, आणि तो मन लावून ऐकत होता. सांगण्याच्या भरात कातळबंदरचा थांबा मागे गेला. बाबल पुढच्या गावाला उतरला आणि ऑक्टोबरच्या उन्हात दोन मैल चालत परत आला. वाटेत त्याला आणखी दोघे जण भेटले. त्यांनाही त्यानं सांगितलं.